होम थिएटरचं वायरिंग, अर्थिंग आणि यूपीएस: आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉलचं काम काढलंय, भिंती अजून उघड्या आहेत. तिथे प्रोजेक्टर, एव्ही रिसिव्हर (सगळ्या केबल घेऊन स्पीकर वाजवणारा अॅम्प्लिफायर), पाच स्पीकर, मागच्या कोपऱ्यात सबवूफर, सेट-टॉप बॉक्स आणि सिनेमे साठवलेला एक नॅस (नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा) असा संच बसणार आहे. जुन्या जागी हाच संच तीन गोष्टींनी छळत होता. सेट-टॉप बॉक्सची केबल जोडली की स्पीकरमधून ‘गूं’ असा आवाज यायचा. लाइट गेले की सगळं धाडकन बंद पडायचं. आणि कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावून पाहिलं, तर रिसिव्हर आतून करकरायला लागला. म्हणून आता वीज ‘शुद्ध’ करणारा एक मोठा ऑनलाइन यूपीएस घेऊन सगळं त्याच्यावर टाकावं का?

माझ्या मते नको. निदान आत्ता तरी नको. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि त्यातलं एकही विजेच्या अशुद्धपणाचं नाही. मोठा यूपीएस आणलात तर ‘गूं’ जसाच्या तसा राहण्याची शक्यता जास्त, आणि वर त्याच्या पंख्याची घरघर ऐकावी लागेल. पैसे आणि मेहनत आधी भिंतीत घाला: एक स्वतंत्र सर्किट आणि सगळ्या संचाला एकाच ठिकाणचं अर्थिंग. बॅकअप फक्त त्या उपकरणांना द्या ज्यांना अचानक बंद पडणं सोसत नाही. ती दोन-तीनच असतात.

आधी ‘गूं’ घेऊ, कारण त्यावरूनच वायरिंग कसं करायचं ते ठरतं.

तुमचा रिसिव्हर तीन पिनांच्या प्लगने घराच्या अर्थला जोडलेला आहे. सेट-टॉप बॉक्सला येणाऱ्या केबलची बाहेरची जाळी दुसरीकडेच कुठेतरी, गच्चीवर किंवा इमारतीच्या खाली, जमिनीला जोडलेली असते. या दोन जागांचा विद्युतदाब कधीच तंतोतंत सारखा नसतो, थोड्या व्होल्टचा तरी फरक असतोच. बॉक्स आणि रिसिव्हर तारेने जोडले की त्या फरकाला वाट मिळते आणि जाळीतून घरच्या विजेच्याच वारंवारतेचा, ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. यालाच मी पुढे वळसा म्हणतो. आता आकडे पाहा. साध्या आरसीए (लाल-पांढऱ्या प्लगच्या ऑडिओ) केबलची जाळी आणि तिचे दोन्ही टोकांचे सांधे मिळून ०.१ ओहम धरा. त्यातून फक्त १० मिलिअॅम्पिअर गेले तरी जाळीच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्ट पडतो. आरसीएमध्ये हीच जाळी सिग्नलची परतीची वाटही असते, त्यामुळे तो मिलिव्होल्ट थेट आवाजात मिसळतो. घरगुती उपकरणांची लाइन-लेव्हल, म्हणजे अशा केबलमधल्या सिग्नलची पातळी, साधारण ०.३ व्होल्ट, म्हणजे हमिंग संगीताच्या जेमतेम ५० डेसिबल खाली. शांत प्रसंगात ते स्पष्ट ऐकू येणारच.

यात रिसिव्हरला मिळणारी वीज कुठेच आली नाही. म्हणूनच पॉवर कंडिशनर, जाडजूड पॉवर कॉर्ड, सोन्याचा मुलामा दिलेले प्लग यांनी हा आवाज जात नाही. वीज कितीतरी किलोमीटर साध्या तारेतून येते आणि भिंतीतही साध्याच तारेतून धावते. शेवटच्या दीड मीटरला भारी कॉर्ड लावून तिच्यात काय बदलणार, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

कान थोडा तयार केला तर आवाजावरूनच अर्धं निदान होतं. मऊ, खोल ‘गूं’ हा ५० हर्ट्झचा असतो आणि बहुतेक वेळा अर्थिंगच्या अशा वळशातून येतो. टोकदार ‘झर्र’ असेल तर त्यात १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पटी भरलेल्या असतात. मग लाइटचा डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडीचा हलका ड्रायव्हर यांच्यावर संशय घ्या आणि एकेक बंद करून पाहा. ही वाटणी अगदी काटेकोर नाही, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेलेही सापडतात. तिसरा प्रकार म्हणजे आवाज स्पीकरमधून न येता अॅम्प्लिफायरच्या डब्यातून येणं. तिथे ट्रान्सफॉर्मरचं लोखंड स्वतःच गुणगुणतं. वेटोळ्याच्या, म्हणजे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला हे जास्त बाधतं, कारण एसीत (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या घरच्या विजेत) अगदी थोडा डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) मिसळला तरी त्याचा गाभा एका बाजूला संपृक्त होतो. घरात कोणी ‘हाफ’ वर हेअर ड्रायर लावल्यावरच अॅम्प्लिफायर गुणगुणत असेल तर चोर सापडला, कारण बऱ्याच ड्रायरमध्ये ‘हाफ’ म्हणजे मध्ये टाकलेला एक डायोड असतो.

तुमच्या बाबतीत चाचणी सोपी आहे. रिसिव्हरच्या मागच्या सगळ्या सिग्नल केबल काढा, फक्त स्पीकर ठेवा. आवाज गेला? मग एकेक केबल परत लावत जा. सेट-टॉप बॉक्सला बाहेरून येणारी कोअॅक्स (जाळीची गोल केबल) पिळून काढताक्षणी शांतता झाली, तर कोअॅक्सच्या वाटेने वळसा तयार होतोय हे नक्की. केबल टीव्हीची जोडणी असेल तर कोअॅक्सवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा. तो टीव्हीची उच्च वारंवारता जाऊ देतो आणि ५० हर्ट्झ अडवतो. डिश असेल तर मात्र हा साधा आयसोलेटर चालणार नाही. बॉक्स त्याच कोअॅक्समधून डिशच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी पुरवतो. आयसोलेटरने डीसी अडवला की सिग्नलच जातो आणि माणूस डिश हलवत बसतो. डिशच्या केबलची जाळी घरात शिरते तिथेच जाड तारेने घराच्या मुख्य अर्थला बांधून घ्या, आणि बॉक्सचा आवाज ऑप्टिकल केबलने रिसिव्हरला द्या. प्रकाशाच्या तारेतून वळसा होत नाही. मात्र चित्रासाठी एचडीएमआय लावलीत तर तांबं परत आलंच. अंतर लांब असेल तर फायबरची एचडीएमआय घ्या. ती वळसा जवळजवळ तोडते, आणि प्रोजेक्टरपर्यंतच्या लांबीला ती तशीही बरी पडते.

यावर एक ‘उपाय’ फार प्रचलित आहे: प्लगची अर्थ पिन काढून टाकणे. हमिंग खरंच जातं, म्हणूनच तो पसरलाय. तो करू नका. रिसिव्हरच्या आत इन्शुलेशन फाटून फेज धातूच्या डब्याला लागली तर ती पिनच एमसीबी (प्रवाह वाढला की लाइन तोडणारा स्विच) पाडते. पिन नसेल तर डबा २३० व्होल्टवर बसतो, आणि आरसीएच्या जाळ्यांमधून सबवूफर, बॉक्स, हेडफोनपर्यंत सगळ्या संचाचा धातू त्याच दाबावर जातो.

पिन नसण्याचा दुसरा दुष्परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, प्लेअर यांच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायमध्ये) गोंगाट गाळायला छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर त्यांच्यामुळे धातूचा भाग फेज आणि न्यूट्रलच्या मधल्या दाबावर तरंगत राहतो. मल्टिमीटर लावला तर शंभरएक व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी किरकोळ असतो, बोट फिरवलं तर मुंग्या आल्यासारखं वाटतं, तेवढंच. माणसाला त्याने इजा होत नाही, पण चालू उपकरणात एचडीएमआय खुपसताना कवचाआधी एखाद्या नाजूक पिनेचा संपर्क झाला, तर तो साठलेला दाब तिच्यातून निसटतो. ‘केबल लावली आणि पोर्टच गेला’ या तक्रारींमागे मला हेच कारण वारंवार दिसलंय. अर्थिंग नीट करा, आणि तरीही एचडीएमआय जोडताना दोन्ही टोकांची उपकरणं प्लगवरून बंद ठेवा.

आता भिंती. उघड्या आहेत तोवर जे कराल ते कराल.

डीबीपासून (घराच्या एमसीबीच्या मुख्य पेटीपासून) या संचासाठी एक स्वतंत्र सर्किट ओढून घ्या. त्यावर फ्रिज नको, एसी नको, हॉलचे दिवेही नकोत. संचातली सगळी सॉकेट याच सर्किटवर हवीत: रॅकजवळची, मागच्या कोपऱ्यातलं सबवूफरचं आणि छतातलं प्रोजेक्टरचंही (ते यूपीएसमार्फत कसं, ते पुढे येईल). गंमत अशी की बहुतेक वायरमन सबवूफरला ‘जवळच्या’ बोर्डातून लाइन काढून देतात, आणि तो बोर्ड दुसऱ्याच सर्किटचा निघतो. मग रॅकपासून सबवूफरपर्यंतची सात-आठ मीटर आरसीए केबल दोन वेगळ्या अर्थांच्या मध्ये पूल बांधते आणि घरातला सगळ्यात खोल आवाज काढणारा स्पीकर ५० हर्ट्झ मन लावून वाजवतो. वायर ओढतानाच हे टाळता येतं, नंतर प्लॅस्टर फोडावं लागतं. घरात तीन फेज असतील तर सगळा संच एकाच फेजवर ठेवा.

तारेची जाडी गणिताने ठरवू. डीबी ते रॅक वीस मीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस. तांब्याच्या १.५ चौ. मिमी तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम, २.५ चा ७.४ आणि ४ चा ४.६. चाळीस मीटरला अनुक्रमे ०.४८, ०.३० आणि ०.१८ ओहम. आठ अॅम्पिअर ओढले तर दीडच्या तारेत ३.९ व्होल्ट पडतात, अडीचच्या तारेत २.४ आणि चारच्या तारेत दीड. २३० मधून एवढं गेल्याने रिसिव्हरला काही होत नाही. पण अॅम्प्लिफायरचा रेक्टिफायर प्रवाह सलग ओढत नाही. तो लाटेच्या शेंड्याला, सेकंदाला शंभर वेळा, घोट घेतल्यासारखा ओढतो. त्या क्षणांचा प्रवाह सरासरीच्या कितीतरी पट असतो आणि तेवढ्यापुरती घट वाढते. म्हणून मी अडीचला किमान मानतो आणि भिंत उघडीच असेल तर चारची वायर घालतो. त्याच्या पुढे जाण्यात अर्थ नाही, सॉकेटच्या स्क्रूखाली ती तार नीट बसतही नाही. तारेच्या जाडीपेक्षा हे सांधे जास्त महत्त्वाचे. पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट भिंतीच्या आत एकही नको. सॉकेट ते सॉकेट लूपिंग करायचं असेल तर टर्मिनलमध्ये, फेरूल (तारेच्या टोकावर दाबायची धातूची नळी) लावून, स्क्रू आवळून. बोर्डावर हात ठेवल्यावर गरम लागला किंवा एखादं बटण दाबलं की स्पीकरमधून ‘टक्’ येत असेल, तर आधी ढिला न्यूट्रल शोधा.

एमसीबी ‘सी’ कर्व्हचा घ्या (कर्व्ह म्हणजे तो किती पट प्रवाहाला पडतो याचा प्रकार). मोठ्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला चालू होताना पहिल्या क्षणी प्रचंड प्रवाह लागतो. ‘बी’ कर्व्हचा एमसीबी त्याच्या मापाच्या तीन ते पाच पटीत तत्काळ पडतो, ‘सी’ पाच ते दहा पटीत. रेटिंग तारेला झेपेल एवढंच ठेवा. एमसीबी तारेला वाचवायला असतो, रिसिव्हरला नाही.

आरसीसीबी (अर्थकडे होणारी गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच) ३० मिलिअॅम्पिअरचा हवाच. पण वर म्हटलेले गाळणीचे कॅपॅसिटर प्रत्येक उपकरणातून थोडी गळती अर्थला सोडत असतात, उपकरणागणिक अर्धा-एक मिलिअॅम्पिअर धरा. आणि ३० चा आरसीसीबी १५ च्या वर कुठेही पडायला मोकळा असतो. सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी असेल, त्यावर कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, एलईडी आणि हा संच असं सगळं चढलं, की तो कारण नसताना पडू लागतो. मग कोणीतरी तो काढूनच टाकतो. त्यापेक्षा या सर्किटला वेगळा आरसीसीबी, किंवा एमसीबी आणि तो एकत्र असलेला आरसीबीओ द्या.

काम झाल्यावर सॉकेटवर तीन मापं घ्यायला लावा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखी यायला हवीत, आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्ट-दोन व्होल्टच्या आसपास. न्यूट्रल-अर्थमध्ये घरात भार चालू असतानाही ठणठणीत शून्य आलं तर खूश होऊ नका, सॉकेट उघडायला सांगा. अर्थ ओढायचा कंटाळा आला की सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला एक तुकडा मारायची पद्धत आहे. अशा सॉकेटचा न्यूट्रल मागे कुठे तुटला तर उपकरणाच्या धातूवर थेट फेज येते. आणि मल्टिमीटर अर्थ ‘आहे’ एवढंच सांगतो, दोषाचा प्रवाह पेलण्याइतका चांगला आहे का ते सांगत नाही. त्यासाठी अर्थ लूपचा टेस्टर असलेला माणूस बोलवा.

सिग्नलच्या तारा वेगळ्या पाइपमधून न्या. पॉवरच्या पाइपला समांतर जायचंच असेल तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तिथे काटकोनात ओलांडा. स्पीकरच्या वायरचं फारसं मनावर घेऊ नका, तिथे रोध इतका कमी असतो की बाहेरचं काही सहज शिरत नाही. जपायचं ते आरसीए आणि मायक्रोफोनसारख्या लहान सिग्नलना. सबवूफरला एक्सएलआरचं (तीन पिनांच्या गोल प्लगचं) बॅलन्स्ड इनपुट असेल आणि रिसिव्हरलाही तसं आउटपुट असेल तर तेच वापरा. दोन तारांवर सारखंच चढलेलं हमिंग तिथे वजा होऊन जातं. सबवूफरच्या आरसीएवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायची वेळ आली तर हलका घेऊ नका. छोट्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर नेमके खालचे तीस-चाळीस हर्ट्झ खातो, म्हणजे ज्यासाठी सबवूफर घेतला तेच. प्रोजेक्टरपर्यंत मोठ्या व्यासाचा रिकामा पाइप, आत ओढायची दोरी ठेवून, टाकून द्या. एचडीएमआयचं मानक पुन्हा बदलेल तेव्हा त्याचा उपयोग होईल.

बॅकअपकडे जाण्याआधी एक गोष्ट, जी संच जाळण्याच्या बाबतीत वीज जाण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे: तीन फेजच्या पुरवठ्यात बाहेर कुठेतरी न्यूट्रल तुटणं. त्या वेळी फेज-फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांत भाराप्रमाणे वाटले जातात. ज्याच्या घरी भार कमी त्याच्या वाट्याला जास्त, तीनशे-साडेतीनशेही येऊ शकतात आणि मिनिटंच्या मिनिटं टिकतात. एक्स्टेंशन बोर्डातलं ‘सर्ज प्रोटेक्शन’ इथे कामाचं नाही. त्यातला एमओव्ही (झटका शोषणारा छोटा भाग) मायक्रोसेकंदांचे झटके खायला बनलेला असतो, सतत जास्त दाब आला की तो तापून जळतो. यासाठी डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले हवा, जो २६५-२७० च्या वर लाइन तोडतो आणि पुरवठा स्थिरावल्यावर काही वेळाने परत जोडतो. वायरिंगच्या एकूण खर्चात तो किरकोळ असतो आणि लोक नेमका तोच गाळतात.

विजेच्या कडकडाटाच्या झटक्यांसाठी डीबीत टाइप २ चा एसपीडी (झटका अर्थकडे वळवणारं उपकरण) बसवा. त्याच्या तारा, फेजपासून एसपीडी आणि तिथून अर्थच्या पट्टीपर्यंत, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. मीटरभर तारेचा इंडक्टन्स एक मायक्रोहेन्रीच्या आसपास असतो. मायक्रोसेकंदाला एक किलोअॅम्पिअर या वेगाने प्रवाह चढला तर त्या एका मीटरवरच हजार व्होल्ट उभे राहतात आणि एसपीडीने कमावलेलं तार गमावते. व्यवस्थित दिसावं म्हणून तारेला वळणं देऊन ठेवणाऱ्याला थांबवा. कोअॅक्स आणि बाहेरून येणारी नेटवर्कची तांब्याची तार यांनाही त्याच अर्थला बांधलेलं संरक्षण हवं, नाहीतर झटका पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराने येतो. वादळ डोक्यावर असेल तर प्लग आणि कोअॅक्स दोन्ही उपटून ठेवणं याला अजूनही तोड नाही.

आता यूपीएस. तुमच्या संचात अचानक बंद पडणं कोणाला सोसत नाही? नॅसला, कारण लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. दिव्याच्या प्रोजेक्टरला, कारण बंद केल्यावरही दिवा थंड होईपर्यंत त्याचा पंखा चालावा लागतो, आणि तो मध्येच थांबला की दिव्याचं आणि आजूबाजूच्या प्लॅस्टिकचं आयुष्य झिजतं. लेझर किंवा एलईडीच्या प्रोजेक्टरला ही अडचण बरीच कमी. राउटर आणि सेट-टॉप बॉक्स बिघडत नाहीत, पण परत सुरू व्हायला वेळ खातात. रिसिव्हर आणि सबवूफरला वीज गेल्याने काहीही होत नाही. ते गप्प बसतात, एवढंच.

म्हणून यूपीएसवर नॅस, प्रोजेक्टर, राउटर, बॉक्स. नॅसचे तीस-चाळीस वॅट, राउटर आणि बॉक्स मिळून वीस-पंचवीस, आणि प्रोजेक्टर त्याच्या मॉडेलप्रमाणे अडीचशे ते साडेतीनशे. डब्यावरचा आकडा कमाल असतो, प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो त्याने मोजून घ्या. यूपीएसवरचं व्हीए (व्होल्ट गुणिले अॅम्पिअर) आणि वॅट एक समजू नका. १००० व्हीएचा यूपीएस अनेकदा ६०० वॅटचाच असतो, आणि आपल्याला वॅट पाहायचे असतात.

किती वेळ चालेल, याचा हिशेब लोक सर्रास चुकवतात. १२ व्होल्ट ७ अॅम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर. तिच्यावर १५० वॅटचा भार टाकला आणि यूपीएसमधली तूट धरून बॅटरीतून १७५ निघाले, तर भागाकार सुमारे २९ मिनिटं सांगतो. प्रत्यक्षात नव्या बॅटरीवर पंधराच्या आसपास मिळतात. ते ७ अॅम्पिअर-अवर वीस तासांत सावकाश काढले तरचे आहेत. इथे आपण पंधरा अॅम्पिअरने ओरबाडतोय, आणि लेड-अॅसिड बॅटरी घाईत मागितलं की हात आखडते. वरून उष्णता: पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रिसिव्हरच्या डोक्यावर, बंद कपाटात यूपीएस ठेवला तर दोन वर्षांत तो फक्त बीप करायच्या लायकीचा उरतो. खाली, मोकळ्या हवेत ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी जास्त टिकते, पण ज्या यूपीएसचा चार्जर तिच्यासाठी बनलेला आहे त्यातच. लेड-अॅसिडच्या जागी नुसती मापात बसते म्हणून ती घालू नका.

तुमचा रिसिव्हर का करकरला, तर कॉम्प्युटरचे साधे यूपीएस बॅटरीवर असताना साइन लाट देत नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांची चौकोनी लाट देतात. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसला ती सहसा चालून जाते, पण रिसिव्हरच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरला त्या कोपऱ्यांतल्या वरच्या वारंवारता सोसत नाहीत. तो करकरतो आणि तापतो. बिघाड काही नाही, लाट चुकीची आहे. तेव्हा यूपीएस प्युअर साइनचाच घ्या. अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या उपकरणांनाही तीच लागते, पायऱ्यांच्या लाटेवर त्यातली काही बंद पडतात.

ऑनलाइन यूपीएस मी का नको म्हटलं? तो वीज सतत एसीतून डीसीत आणि परत एसीत बदलत असतो. बदलाचा वेळ शून्य, हे खरं. पण त्याचा पंखा कायम फिरतो, दहाएक टक्के वीज कायम उष्णतेत जाते, आणि सिनेमातल्या एखाद्या स्फोटाला अॅम्प्लिफायरने जोरात ओढलं तर छोटा ऑनलाइन यूपीएस ओव्हरलोड होऊन बायपासवर, म्हणजे थेट घरच्या विजेवर जातो. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस एरवी घरचीच वीज पुढे देतो आणि ती गेली की बॅटरीवर जातो. त्याला बदलायला काही मिलिसेकंद लागतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये दहा ते वीस मिलिसेकंद तग धरण्याइतका साठा असतो, त्यामुळे प्रोजेक्टरला कळतही नाही. लाइन-इंटरॅक्टिव्ह, प्युअर साइन, सहाशे-सातशे खऱ्या वॅटचा, एवढा तुम्हाला पुरे.

लाइट गेल्यावरही सिनेमा पुढे चालूच राहायला हवा असेल तर ते काम यूपीएसचं नाही, मोठ्या बॅटरीच्या प्युअर साइन इन्व्हर्टरचं आहे. पूर्ण संच त्यावर टाका आणि नॅस-प्रोजेक्टरपुढे छोटा यूपीएस तसाच राहू द्या. इन्व्हर्टर बदलायला वीस मिलिसेकंदांच्या पुढे गेला तरी मधली फट तो भरून काढेल. इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर मात्र पुढचा यूपीएस त्याची वीज बहुधा स्वीकारणार नाही आणि स्वतःची बॅटरी संपवून बसेल.

यूपीएस रॅकमध्ये आणि प्रोजेक्टर छताला, तर वीज वर कशी न्यायची? रॅकजवळ भिंतीत एक इनलेट (वीज आत घेणारी, बाहेर पिना असलेली जोडणी) बसवा, तिथून वेगळ्या पाइपमधून तीन तारा प्रोजेक्टरच्या सॉकेटपर्यंत. यूपीएसमधून एक कॉर्ड इनलेटला. या सॉकेटचा न्यूट्रल फक्त यूपीएसकडे परत गेला पाहिजे, घराच्या दुसऱ्या कोणत्याही न्यूट्रलला तो चुकूनही जोडू देऊ नका. इन्व्हर्टरच्या लाइनचंही तेच. न्यूट्रल मिसळले की आरसीसीबी पडत राहतो आणि वायरमन तुम्हाला आरसीसीबी खराब आहे असं सांगतो.

बॅटरीवर असताना बऱ्याच यूपीएसचं आउटपुट अर्थपासून सुटं होतं. टेस्टर दोन्ही छिद्रांत मिणमिणतो. घाबरू नका, पण हेही लक्षात घ्या की त्या अवस्थेत पुढे लावलेला आरसीसीबी काम करेलच असं नाही. आणि यूपीएसची चाचणी प्लग उपटून करू नका, सॉकेटचं बटण बंद करून करा. प्लग उपटला की यूपीएससकट सगळ्या संचाचं अर्थिंग जातं, आणि तेव्हा हमिंग वाढलं किंवा गेलं तरी त्यावरून काही निष्कर्ष निघत नाही.

राहिला स्टॅबिलायझर. प्रोजेक्टर, टीव्ही, प्लेअर बहुतेक १०० ते २४० व्होल्ट सहज घेतात, त्यांना त्याची गरज नाही. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसमध्ये तसंही व्होल्टेज सुधारणारे टॅप (ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या जोडण्या) असतात. त्याच्या आधी आणखी रिलेचा स्टॅबिलायझर लावला तर दोघेही आपापल्या परीने दाब सुधारत बसतात आणि खोलीत दोघांची टकटक ऐकू येते. तुमच्याकडे दाब सतत दोनशेच्या खाली किंवा अडीचशेच्या वर राहत असेल, तरच फक्त रिसिव्हर आणि सबवूफरसाठी एक सर्व्होचा (रिलेऐवजी मोटरने दाब सुधारणारा) घ्या, आणि तो खोलीबाहेर, डीबीजवळ बसवा.